बंडी कोणाची, फोटो कोणाचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. दोन वर्षांमागं पुण्याचे एक शिल्पकार त्यांच्या विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या गावात वीस दिवस राहिले. घरोघरी फिरून त्यांनी नांगराचे जुने फाळ, वखराच्या पाशी (लोखंडी पाती), बंडीच्या म्हणजे बैलगाडीच्या धावा गोळा केल्या आणि वेल्डिंग करून बैलजोडीसकट एक लोखंडी बंडी उभी केली. ती ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावर कायमची बसवली आहे. दुसरं काम बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होतं. पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) रचून त्यांनी माणूस आत उतरेल एवढी विहीर केली होती. ती महिनाभर राहिली, मग लोकांनी पऱ्हाट्या सरपणाला नेल्या. दोन्हींचे फोटो मी काढले होते. यंदा एका कृषी सेवा केंद्रानं कॅलेंडरसाठी ते १२,००० रुपयांना घेतले. पाच पानांवर बंडी, तीन पानांवर पऱ्हाटीची विहीर, चार पानांवर शेतं. हजार प्रती गावोगावी फुकट वाटल्या. जाहिरातवाल्यानं एका पानावर बंडीत कीटकनाशकाच्या बाटल्या भरल्यासारखं डिझाइन केलं. आता शिल्पकारांचा मेसेज आला आहे : दोन्ही कामं माझी आहेत, ५०,००० रुपये द्या, कॅलेंडरं परत घ्या, नाहीतर नोटीस. मित्र म्हणतो, हा 'फेअर यूज' आहे, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर, शिवाय रंग बदलून तीस टक्के फरक केला की काही होत नाही. सरपंच म्हणतात, जागा आपली आहे, घाबरू नको. बाबा म्हणतात, "लोखंड आपलं, पास आपली, अन् पैसे त्याले काहून द्याचे?" दरम्यान माझाच बंडीचा फोटो एका बातम्यांच्या वेबसाइटनं नाव न देता टाकला आहे. मी चोरी केली का? आणि यापुढं अशा कामांचे फोटो काढायचेच नाहीत का?

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमची बाजू पटली, दुसऱ्या वाचनात शिल्पकारांची. मग एका कागदावर कॅलेंडरची बारा पानं आखली आणि कुठल्या पानावर काय आहे ते लिहिलं. तेव्हा कळलं की भांडण वेगळ्याच जागी अडकलं आहे. ते म्हणतात, सगळं माझं. तुम्ही विचारता, सगळीच चोरी का. बारा पानांचं एकच प्रकरण आहे असं दोघांनीही धरून घेतलंय. तसं ते नाही.

आधी मित्राच्या 'फेअर यूज'बद्दल बोलू, कारण तुम्ही सगळा भार त्या दोन शब्दांवर टाकून बसला आहात.

हे शब्द अमेरिकेचे. तिथल्या १९७६ च्या कायद्यात १०७ व्या कलमात ते येतात. न्यायाधीश चार गोष्टी तोलून बघतो : वापर कशासाठी केला, मूळ काम कोणत्या प्रकारचं, त्यातलं किती घेतलं, आणि त्यानं मूळ कलावंताच्या कमाईवर काय परिणाम झाला. आपल्याकडे असा मोकळा तराजू नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ वं कलम आहे आणि ते म्हणजे एक लांबलचक यादी आहे. अमुक केलं तर उल्लंघन नाही, तमुक केलं तर उल्लंघन नाही. यादीत बसलात तर सुटलात. नाही बसलात, तर माझा हेतू चांगला होता या बोलण्याचा फारसा उपयोग होत नाही.

आता गंमत बघा. बंडीच्या बाबतीत तुम्ही अमेरिकेचा आधार घेतला तर हराल आणि आपल्या कायद्याचा घेतला तर जिंकाल.

हराल असं का म्हणते? वॉशिंग्टनमध्ये कोरियन युद्धातल्या सैनिकांचं स्मारक आहे. फ्रँक गेलॉर्ड या शिल्पकारानं घडवलेले स्टीलचे एकोणीस सैनिक तिथं मैदानातून चालत असल्यासारखे उभे आहेत. जॉन अली नावाच्या एका माजी सैनिकानं बर्फ पडलेल्या सकाळी त्यांचा फोटो काढला. त्याचे वडील त्या युद्धात लढलेले, त्यांना भेट द्यायला म्हणून. पुढं २००३ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं तो फोटो ३७ सेंटच्या तिकिटावर छापला. फोटोवाल्याला १,५०० डॉलर दिले. शिल्पकाराला कोणी विचारलंसुद्धा नाही. स्मारक सरकारी, उघड्या मैदानात, तेही राजधानीत. तरी २०१० साली वरच्या न्यायालयानं सांगितलं, हा फेअर यूज नाही. शेवटी टपाल खात्यावर ६ लाख ८४ हजार डॉलरहून जास्त भरपाई बसली. तिथं रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायची कायद्यानं मुभा आहे, शिल्पाला मात्र ती सूट नाही.

आपल्या ५२ व्या कलमात ती आहे. पहिल्या पोटकलमातला 'टी' हा खंड वकिलाला उघडायला सांगा. सार्वजनिक जागी, किंवा लोकांना ये-जा करता येते अशा आवारात, कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचं चित्र किंवा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हे उल्लंघन नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. 'काढणं' आणि 'प्रसिद्ध करणं', दोन्ही. घरी ठेवायला काढा पण विकू नका, अशी अट त्या खंडात नाही. म्हणजे ग्रामपंचायतीसमोरच्या ओट्यावरच्या बंडीची पाच पानं (त्यातल्या एका पानाकडे मी परत येणार आहे) छापायला तुम्हाला शिल्पकारांची परवानगी लागत नव्हती. त्यांनी 'दोन्ही कामं' म्हणून जी मागणी केली आहे, तिचा हा भाग पोकळ आहे. कॉपीराइटच्या नावानं निराधार धमकी मिळाली तर ती निराधार आहे असं न्यायालयाकडून जाहीर करून घ्यायची सोयसुद्धा ६० व्या कलमात आहे. लगेच तिकडं धावा असं मी म्हणत नाही. तुमच्या बाजूलाही कायदा आहे हे कळलं की रात्री झोप लागते, म्हणून सांगितलं.

मात्र ही सूट फोटोची आणि चित्राची आहे. उद्या कृषी केंद्रवाल्यांना वाटलं की बंडीची छोटी लोखंडी प्रतिकृती करून दिवाळीला ग्राहकांना वाटावी, तर ते या खंडात बसणार नाही.

इथं जरा आडरस्त्याला जाते, कारण स्टुडिओवाल्यांना हे कामाचं आहे. तो खंड शिल्पाबद्दल आणि कलाकुसरीच्या कामाबद्दल बोलतो. रंगवलेल्या चित्राचं नाव त्यात नाही. म्हणजे शाळेच्या भिंतीवर एखाद्या चित्रकारानं काढलेलं मोठं चित्र कायमचं असलं, रस्त्यावरून रोज दिसत असलं, तरी त्याचा फोटो कॅलेंडरवर छापण्याला ही सूट नाही. त्याच भिंतीसमोरून व्हिडिओ केलात तर पुढचा 'यू' खंड मदतीला येतो, कारण चित्रफितीसाठी सार्वजनिक जागची कायमची कोणतीही कलाकृती चालते. एकच भिंत, फोटोला वेगळा नियम आणि व्हिडिओला वेगळा. हे असं का, याचं शहाणं उत्तर माझ्याकडे नाही. कायदे करणारेही माणसंच.

आता पऱ्हाटीची विहीर. इथं मला तुमची बाजू घेता येत नाही.

जिनिंगचं आवार लोकांना खुलं होतं हे मान्य. पण खंडातला दुसरा शब्द 'कायमस्वरूपी' आहे, आणि जी विहीर महिन्याभरानंतर गावच्या चुलीत गेली तिला कायमची म्हणायला कोणतंही न्यायालय तयार होईलसं वाटत नाही. जर्मनीत यावर खटला झाला आहे. क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या जोडप्यानं १९९५ च्या उन्हाळ्यात बर्लिनची संसदेची इमारत, राइशस्टाग, आख्खी कापडात गुंडाळली. दोन आठवडे ती तशी राहिली. लाखो लोकांनी बघितली. कुणीतरी त्या दृश्याची पोस्टकार्डं छापून विकली. तिथल्या कायद्यातही सार्वजनिक जागी कायम असलेल्या कामाला आपल्यासारखीच सूट आहे. २००२ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं, हे दोन आठवड्यांसाठी मांडलेलं काम होतं, कायमचं नव्हे, त्यामुळं पोस्टकार्डांना कलावंतांची परवानगी लागते. तो निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाही. पण शब्द तोच आहे आणि अर्थ सरळ आहे.

तुम्ही म्हणाल, विहीर आता उरलीच नाही तर हक्क कशाचा? लोकांना हे नेहमी उलटं वाटतं. काम मोडलं म्हणून त्यातला हक्क मोडत नाही. शिल्पकार हयात असेपर्यंत, आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं, तो राहतो. उलट काम उरलं नाही म्हणून तुमचे फोटो हीच त्याची एकमेव आठवण झाली आहे, आणि नेमक्या त्यामुळं शिल्पकारांना ते फोटो कुठं छापले जातात याची जास्त काळजी असणार. तुमच्या फोटोची किंमत त्यांना तुमच्याहून जास्त कळत असेल.

हे लिहिताना मला नागपूरची चितारओळी आठवली. तिथल्या मूर्तिकाराचा गणपती दहा दिवस मांडवात बसतो आणि मग विसर्जित होतो. म्हणजे तोही कायमचा नाही. त्याचे फोटो किती बॅनरांवर, किती कॅलेंडरांवर जातात, आणि मूर्तिकाराला कोणी विचारतं का? नाही विचारत. मूर्तिकारही बोलत नाही, पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल म्हणून. पण तो बोलत नाही याचा अर्थ त्याचा हक्क नाही असा होत नाही. तुमचे शिल्पकार बोलले, एवढाच फरक.

हाच विहिरीचा फोटो तुम्ही उद्घाटनाच्या आठवड्यात स्थानिक पेपरला बातमीसोबत दिला असता तर चाललं असतं, कारण चालू घडामोडींचं वृत्त देणं यादीत आहे. कोणी त्या कामावर समीक्षा लिहिली आणि सोबत फोटो छापला तर तेही आहे. एखाद्या विद्यार्थ्यानं अभ्यासासाठी वापरला तर तेही. फोटो तोच, फक्त वापर बदलला. कॅलेंडर मात्र यादीत नाही. 'फुकट वाटलं' याचा उपयोग होत नाही, कारण दुकानाच्या जाहिरातीसाठी वाटलं आणि तुम्हाला पैसे मिळाले.

'नाव दिलं की चालतं' आणि 'तीस टक्के बदललं की चालतं' हे दोन समज मी इतक्या वेळा ऐकले आहेत की कुणीतरी ते कायद्यात घालून टाकावेत असं वाटायला लागलंय. नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. शेजाऱ्याची सायकल नेताना 'ही शेजाऱ्याची आहे' असं सगळ्यांना सांगत गेलात म्हणून शेजाऱ्यानं दिली असं होत नाही. आणि टक्केवारी आपल्या कायद्यात कुठंच नाही. १९६० च्या दशकात देवाच्या एका चित्रावरून शिवकाशीच्या कॅलेंडरवाल्यांचं प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं होतं. बारीकसारीक फेरफार केले म्हणून ते सुटले नाहीत. बघणाऱ्याला मूळ चित्रच आठवतं का, हे बघितलं गेलं. तुमच्या विहिरीचा रंग तुम्ही पिवळा केला असला तरी ती त्यांचीच विहीर दिसते.

आता त्या पानाकडे येते, ज्याबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून पुढं गेलात.

बंडीत कीटकनाशकाच्या बाटल्या. माझा अंदाज आहे की शिल्पकारांचा राग इथून सुरू झाला. पैशांचा आकडा नंतर आला असेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहता. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन तुमच्याच जिल्ह्यात किती शेतकरी, शेतमजूर दगावले हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच जिल्ह्यातल्या घराघरांतून मागून आणलेल्या पाशी आणि फाळ जोडून ज्या माणसानं बंडी केली, त्याला ती बंडी औषधाच्या बाटल्या भरून दिसली. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जाहिरातवाल्यानं सहज केलं असेल, तुम्हाला विचारलंही नसेल. पण मूळ फोटो तुमचा होता आणि छापण्याआधी पान तुम्ही बघितलं होतं की नाही हे पत्रात नाही.

कायद्यातही याला जागा आहे. ५७ व्या कलमाप्रमाणं, हक्क विकून टाकले तरी कलावंताकडे दोन गोष्टी उरतात : हे काम माझं आहे असं म्हणण्याचा अधिकार, आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल असं कामाचं विद्रूपीकरण झालं तर ते रोखण्याचा अधिकार. फोटोवर केलेली कारागिरी शिल्पाचं विद्रूपीकरण ठरते का, यावर दोन वकील दोन तास भांडतील. पण बाकीच्या चार पानांवर तुम्ही ताठ उभे राहू शकता तसे या पानावर राहू शकत नाही.

५७ व्या कलमाची धार किती, याचा आपल्याकडचा गाजलेला दाखला दिल्लीचा आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी विज्ञान भवनासाठी ब्राँझचं एक भलंमोठं भित्तिशिल्प केलं. काम केंद्र सरकारनं सांगितलेलं, पैसे सरकारचे, भिंत सरकारची. १९७९ साली नूतनीकरणात ते काढलं गेलं आणि तुकडे गोदामात पडले. सेहगल १९९२ मध्ये न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, शिल्पाचे उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि वर ५ लाख रुपये भरपाई दिली.

यात तुमच्या सरपंचांचं उत्तरही येऊन जातं. जागा ग्रामपंचायतीची, ओटा ग्रामपंचायतीचा, बंडीसुद्धा ग्रामपंचायतीची असेल. पण वस्तूची मालकी आणि त्या वस्तूतल्या कलेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही दुकानातून पुस्तक विकत आणता म्हणजे ते छापून विकायचा हक्क आणत नाही, तसंच. ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र आवारात फोटो काढण्यापुरतं ठीक आहे, पऱ्हाटीच्या विहिरीसाठी त्याचा उपयोग शून्य.

बाबांचं बोलणं मला त्याहून जास्त भावलं. कायद्यात त्याला उत्तर आहे आणि ते कोरडं आहे : लोखंड देणारा शिल्पाचा कर्ता होत नाही. पण बाबा कायदा विचारत नाहीत. आजोबांच्या वखराची पास कुणीतरी घेऊन गेलं, तिचं काहीतरी सुंदर झालं, त्याची किंमत ठरली, आणि त्या हिशेबात आपण कुठंच नाही, हे त्यांना टोचतंय. वाईट याचं वाटतं की शिल्पकारांना नेमकं हेच टोचतंय. त्यांच्या कामाचं कॅलेंडर झालं, पैसे आले-गेले, आणि हिशेबात ते नाहीत. ही दोन माणसं एकमेकांशी बोलली तर बरं होईल असं मला वाटतं.

आता तुमच्या स्वतःच्या फोटोचं. तिथं तुम्ही फिर्यादी आहात. शिल्प त्यांचं असलं तरी फोटो तुमचा. प्रकाश, वेळ, कोन तुम्ही निवडला, त्याचा कॉपीराइट काढल्या क्षणी तुमचा झाला, नोंदणी करावी लागत नाही. वेबसाइटनं तो न विचारता घेतला. त्यांना लेखी कळवा, नाव आणि मोबदला मागा. पण मागताना आपण शिल्पकारांना काय उत्तर देणार आहोत, ते डोक्यात असू द्या. तिकडं 'माझा फोटो' आणि इकडं 'फोटोच तर आहे', असं एका दिवसात बोलता येत नाही.

आणि आता थोडं न विचारलेलं. स्टुडिओवाले लग्नाचे फोटो काढतात आणि त्यातली चांगली जोडपी आपल्या पेजवर टाकतात. १७ व्या कलमाप्रमाणं, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंची पहिली मालकी पैसे देणाऱ्याची असते, फोटोग्राफरची नाही. नवरीच्या घरच्यांना विचारलंत का? बहुतेक नाही. मीही या बाबतीत धुतल्या तांदळाची नाही. एका पुस्तिकेसाठी मी एकदा दुसऱ्याची रेखाटनं 'काय होतंय' म्हणून वापरली होती. त्या चित्रकारानं फोन करून फक्त विचारलं, 'आवडली का?' पुढं काय बोलायचं ते मला सुचलं नाही. म्हणून तुमच्या पत्रातला 'चोरी' हा शब्द मला जास्तच कडक वाटला. तीन पानांवर परवानगी घ्यायची राहिली, एक पान भलतंच झालं. त्याला चोरी म्हणायची गरज नाही, पण 'काही झालंच नाही' असंही म्हणू नका.

करायचं काय?

मेसेजकडे दुर्लक्ष करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला या कायद्यात तुरुंगाचीही तरतूद आहे, आणि मेसेज मिळाल्यावरही तुम्ही उरलेल्या प्रती वाटत राहिलात तर 'मला माहीत नव्हतं' हे म्हणता येणार नाही. शिवाय दिवाणी दावा ते जिथं राहतात तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावू शकतात. पुण्याच्या दोन तारखांचा खर्च किती होईल ते तुम्हीच मोजा. दुसऱ्या टोकाला, घाबरून पन्नास हजार देऊन टाकणंही चूक. बारा पानांचे तुम्हाला बारा हजार मिळाले, म्हणजे विहिरीच्या तीन पानांचे तीन हजार. बाटल्यांचं पान धरलं तर चार. बोलणी इथून सुरू व्हायला हवीत. पन्नासवर ते कसे पोचले हे त्यांना शांतपणे विचारा, कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही. आणि लक्षात ठेवा, कॅलेंडर छापून वाटणारे कृषी केंद्रवालेही यात आहेत. बाटल्या त्यांच्या जाहिरातवाल्यानं टाकल्या. सगळं एकट्यानं अंगावर घेऊ नका.

मी तुमच्या जागी असते तर आज संध्याकाळी फोन केला असता आणि फोननंतर बोलणं लिहून पाठवलं असतं. साधारण असं : 'सर, पऱ्हाटीच्या विहिरीचे तीन फोटो तुम्हाला न विचारता दिले, ती माझी चूक. त्या तीन पानांचा मोबदला मी देतो. बंडी कायमची आणि सार्वजनिक जागी असल्यानं तिच्या फोटोंना परवानगी लागत नाही असं मला समजलं आहे, पण बाटल्यांचं पान व्हायला नको होतं. उरलेल्या प्रतींतून ते पान आणि विहिरीची पानं काढून घेतो. पुढं कुठंही तुमच्या कामाचा फोटो गेला तर नाव जाईल.' एवढंच. ते मान्य झालं तर दोघांनी लेखी करून ठेवा, कारण या कायद्यात परवानगी लेखी असावी लागते, चहाच्या टपरीवरचा होकार पुरत नाही. विहिरीचे फोटो पुढं कशाकशाला वापरता येतील आणि किती काळ, हेही त्यातच लिहून घ्या. जमलंच तर उलटी विनंती करा : त्यांच्याकडे त्या विहिरीचे चांगले फोटो नसतील, तुमचे त्यांना त्यांच्या संग्रहासाठी द्या. बऱ्याचदा भांडण पैशांवरून सुटत नाही ते अशा एखाद्या फाइलनं सुटतं.

नोटीस आलीच तर तालुका विधी सेवा समितीत जा. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर वकील विनामूल्य मिळतो. तिथल्या वकिलानं रोज जमिनीचे आणि नवरा-बायकोचे दावे पाहिलेले असतात, कॉपीराइट क्वचित. म्हणून ५२ व्या कलमाची छापील प्रत स्वतःच घेऊन जा आणि 'टी' खंडाखाली रेघ मारून ठेवा.

आणि यापुढं फोटो काढायचे का? काढा हो. फक्त कॅमेरा उचलताना काम कायमचं आहे की काही दिवसांचं, ते बघायची सवय लावा. विदर्भात आता गावोगावी शिबिरं होतात, तणस, पऱ्हाट्या, तुराट्या, माती यांची कामं उभी राहतात आणि पावसात जातात. त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत तर काहीच उरणार नाही. शिबिर सुरू असतानाच कलावंताला गाठा, दोन ओळी लिहून घ्या. त्या वेळी ते आनंदात असतात आणि बहुतेक वेळा हो म्हणतात. दोन वर्षांनी कॅलेंडर बघून तेवढे आनंदात नसतात.

बाबांचा प्रश्न राहिला. ओट्यावरच्या पाटीवर काय लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाही, पण अशा पाट्या मी पाहिल्या आहेत : हस्ते कोण, उपस्थिती कुणाची, निधी कुणाचा. शिल्पकारांचं नाव असलंच तर तळाशी. ग्रामसभेत ठराव मांडा की नवी पाटी करू, शिल्पकारांचं नाव वर आणि खाली ज्यांच्या घरचं लोखंड बंडीत आहे त्या कास्तकारांची नावं. शिल्पकारांना फोन करताना हेही सांगा, ते नाही म्हणतील असं वाटत नाही. किती घरांतून पाशी गेल्या होत्या ते बाबांना विचारून यादी करा, आणि ठराव मांडण्याआधी पाटीची लांबी-रुंदी मोजून घ्या.